हेरल्डचा डावा आर्म

मैंदर्गीच्या ईश्वरप्पाला कुठल्याही वस्तूतला ढिलेपणा सोसत नसे. पाहुणा म्हणून कुणाकडे जेवायला बसला आणि पाटाचा पाय डुगडुगला, की त्याचा घास घशात अडकायचा. जेवण उरकून, पाट उलटा करून, खिळा ठोकल्यावरच तो विड्याला हात लावी. सोलापुरात तो आधी एका कापडगिरणीत फिटर होता. मागाचे झिजलेले बुश बदलायला मुकादम वेळ देत नाही, ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणतो, एवढ्या कारणावरून त्यानं ती नोकरी सोडली. बायको निंगव्वा तेव्हा म्हणाली होती की माग त्यांचा, गिरणी त्यांची, त्यात तुमचं काय जातंय.  त्यानं अक्कलकोट रोडला पत्र्याची शेड टाकली आणि मोटारींचं गॅरेज काढलं.

गॅरेज बरं चाललं. ईश्वरप्पाच्या हातून गेलेली गाडी खडखडत नाही, असा त्याचा लौकिक झाला. तो फार वेळ लावतो, असाही झाला. दोन्ही खरंच होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माढ्याचे आबासाहेब आपली लाल हेरल्ड मोटार घेऊन त्याच्याकडे आले. घर उसाच्या बागायतीचं, धाकटे चिरंजीव, पुण्याला कॉलेज करून आलेले. मद्रासजवळ विमानांच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होतात, त्या ते एकदा मित्राबरोबर पाहून आले आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. दोन दारांची ती बुटकी गाडी त्यांनी पुण्यात नेऊन तिच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती. ती चालू केली की रस्त्यावरची गाढवं बुजत. पण गाडीत एक खोट होती. मोडनिंबजवळ उसाची बैलगाडी चुकवताना आबासाहेबांनी ती मोरीच्या कठड्यावर घातली होती. वाकलेली चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कुणीतरी ठोकून सरळ केली, रंगवली, आणि वरून काही दिसेनासं झालं. बाजाराला जायला काही अडत नव्हतं. वेग घेतला की मात्र गाडीचं बूड एका बाजूला सरके आणि वळणावर तर माणसाचा जीव मुठीत येई.

ईश्वरप्पानं गाडीच्या दोन्ही अंगांना पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुताचे दोरे ताणले. उजव्या अंगाचा दोरा दोन्ही टायरांना सारखा टेकला. डाव्या अंगाचा मागच्या टायरला एकाच कडेनं टेकला. मागचं डावं चाक वाकडं उभं होतं. या गाडीत मागच्या प्रत्येक चाकाला चासीशी धरून ठेवणारा हातभर लांबीचा लोखंडी दांडा असतो, त्याला आर्म म्हणतात. कंपनीचा आर्म ठरावीक लांबीचा. चासी मूळ जागी असेल तरच तो चाकाला सरळ धरणार. इथं तर चासीवरची त्याची बैठकच मागं सरकली होती.

त्यानं आबासाहेबांना दोन वाटा सांगितल्या. एक तर सगळी बॉडी उतरवून चासी मुंबईला न्यायची आणि सरळ करून आणायची. नाहीतर कमीजास्त लांबीचा करता येईल असा आर्म बनवायचा. दुसरी वाट ऐकताच आबासाहेब खूश झाले. मद्रासच्या शर्यतवाल्यांच्या तोंडून त्यांनी असल्या आर्मचं नाव ऐकलं होतं. जन्मात पहिल्यांदा आपल्या गाडीची मोडतोड त्यांना भूषणाची वाटली.

मग आर्म कसला करायचा, यावर घोळ सुरू झाला. आबासाहेबांनी आधी शेतातल्या ट्रॅक्टरचा नांगर ओढणारा दांडा आणला. तो मधून फिरवला की लांब होई, उलट फिरवला की आखूड. कल्पना चांगली होती, पण वजन एवढं की त्या हलक्या गाडीच्या चाकाला लोढणं बांधल्यासारखं झालं असतं, आणि जोडात तर हरभरा मावेल एवढा ढिला खेळ. ईश्वरप्पानं तो हातात घेतला, एकदा हलवला आणि परत त्यांच्या जीपमध्ये ठेवला. आबासाहेब मग मुंबईला गेले आणि विलायती जॉइंट घेऊन आले.

त्या जॉइंटांनी ईश्वरप्पाला वेड लावलं. पोलादाचा एक डोळा, त्या डोळ्यात चकचकीत पोलादी गोळी आणि गोळीतून बोल्ट जायला भोक. गोळी डोळ्यात चहूकडे वळायची, पण ओढा-ढकला, केसभर हलायची नाही. कंपनीच्या आर्मला दोन्ही टोकांना रबरी बुश, म्हणजे बोल्टाभोवतीची रबराची जाड नळी, असे. रबर दबतं, पिळतं, चाकाला हवं तिकडं थोडं जाऊ देतं. ईश्वरप्पाच्या मते रबर म्हणजे राजरोस ढिलेपणा होता. कंपनीनं तो विकत दिला म्हणून त्याचा घट्टपणा होत नव्हता. आपण आयुष्यभर ज्याच्या शोधात होतो ती वस्तू हीच, असं त्याला वाटलं. दोन दिवस ते जॉइंट त्यानं घरी नेऊन ठेवले, आणि निंगव्वानं ते देव्हाऱ्याजवळून उचलून फळीवर ठेवले.

आर्मची नळी कातून घ्यायला तो दस्तगीरकडे गेला. विजापूर वेशीजवळ दस्तगीरचं लेथ होतं. दोघांची गिरणीपासूनची ओळख. दस्तगीरनं जॉइंट उलटसुलट करून पाहिले आणि पहिलीच गोष्ट ही सांगितली की याचे दोन्ही आटे सुलटे आहेत. एक टोक उलट्या आट्याचं असलं, तर मधली नळी नुसती फिरवून आर्म लांब-आखूड होतो. दोन्ही सुलटे म्हणजे नळी फिरवली की एक टोक आत जाईल आणि दुसरं तेवढंच बाहेर येईल. दर वेळी बोल्ट काढा, डोळा फिरवा, परत बसवा.

“एक बाजू रबरची ठेव, अण्णा,” तो म्हणाला. “चाकाकडं तुझा हा हिरा लाव. चासीकडं जुना रबरी बुश राहू दे. त्याला डोळा मी बनवतो, उलट्या आट्याचा. आणि चासीला पण जरा दम खायला मिळंल.”

“रबर चाललं असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?” ईश्वरप्पा म्हणाला. “दोनी बाजू घट्ट पायजे.”

दस्तगीरनं नळीचं माप मागितलं. गिऱ्हाइकाला हवं तसं कातून द्यायची त्याची रीत होती.

मग जे दिवस सुरू झाले, ते निंगव्वा पुढं पुष्कळ वर्षं कपाळाला हात लावून आठवायची. गाडी ठोकळ्यावर चढवायची, बोल्ट ओढून काढायचे, डोळा अर्धा फेरा फिरवायचा, बोल्ट परत घालायचे, गाडी खाली घ्यायची, दोरे ताणायचे. अर्धा फेरा आत घेतला की चाकाची पुढची कड आत जाई, बाहेर घेतला की बाहेर. हवं ते नेमकं मधे होतं, आणि मधे थांबता येत नव्हतं, कारण डोळा बोल्टाच्या रेषेत यायलाच हवा. ईश्वरप्पानं वॉशर घालून पाहिले. वॉशर पातळ करायला तो तास न् तास कानस घासत बसे. वॉशर बरोबर झाला तर बोल्ट आखूड पडे. लांब बोल्ट आणला तर तो मापाला बारीक निघे. जॉइंट विलायती इंचांचे आणि बाजारात मिळणारा बोल्ट मिलिमीटरचा, म्हणजे ज्या ढिलेपणावर त्याचा राग होता तोच पुन्हा बोल्टाच्या भोकातून आत शिरे. दुसरीकडे गॅरेजच्या दारात ट्रकवाले खोळंबून उभे. काही जण हॉर्न वाजवून, काही जण शिव्या देऊन दुसरीकडे निघून गेले. ईश्वरप्पा गाडीखालून बाहेर येई तेव्हा त्याच्या भुवयांवर वंगण आणि माती असे. कुणी काही विचारलं तर तो ऐकू न आल्यासारखा पुन्हा खाली सरके.

“साकु,” निंगव्वा एकदा कन्नडमध्येच म्हणाली. पुरे झालं. शेडमध्ये डबा घेऊन आली होती. “गाडी माढ्याची, शर्यत मद्रासची. पाठ मोडतीय तुमची.”

तो म्हणाला की आज होतंय, आज झालंच. ती डबा ठेवून गेली. संध्याकाळी डबा तसाच परत आला.

शेवटी एका वॉशरवर जमलं. आबासाहेब आले, ईश्वरप्पा शेजारी बसला आणि होटगी रस्त्यावर सकाळच्या वेळी त्यांनी गाडी सोडली. वेगाचा काटा चढत गेला, पण गाडी तसूभरही हलली नाही. आबासाहेबांनी स्टिअरिंगवरचे हात क्षणभर वर उचलून दाखवले. गाडी ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ जात राहिली.  परत आल्यावर ईश्वरप्पानं गॅरेजमधल्या सगळ्यांना चहा सांगितला, हे त्याच्या हातून फारसं कधी घडत नसे.

तो आनंद फार टिकला नाही. आबासाहेब गाडी माढ्याला घेऊन गेले. गावापर्यंतचा रस्ता दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचा. रबर असतं तर दगडाचा दणका त्यानं गिळला असता. पोलाद काही गिळत नाही, ते दणका जसाच्या तसा पुढं देतं. आर्मला काही झालं नाही. जॉइंटांना काही झालं नाही. चासीवरची आर्मची बैठक मात्र मुळापासून तडकली, आणि आबासाहेब बैलांनी डांबरी रस्त्यापर्यंत ओढून आणलेली गाडी ट्रकमागे बांधून सोलापूरला आले.

ईश्वरप्पानं बैठकीला जाड पट्टी वेल्ड केली. जाड पट्टीनं ती जागा मजबूत झाली आणि तडा पट्टीच्या कडेला, पातळ पत्र्यात गेला. मग त्यानं त्याहून मोठी पट्टी मारली. एवढ्यात धुळीनं आपलं काम केलं होतं. विलायती जॉइंटला रबरी टोपी नव्हती, आणि सोलापूरची धूळ कानशीसारखी. त्या निर्दोष पोलादी डोळ्यातली गोळी आता हातानं हलवली की टक् वाजत होती. ईश्वरप्पानं ती पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली. मग पाना कोपऱ्यात भिरकावला आणि शेडबाहेर बाभळीखाली जाऊन बसला. त्या वर्षीच्या शर्यती होऊन गेल्या होत्या. आबासाहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. म्हणताना ते घड्याळाकडे बघत होते, हे ईश्वरप्पाच्या ध्यानात आलं, पण त्यानं ते मनावर घेतलं नाही.

 दुसऱ्या दिवशी तो दस्तगीरकडे गेला आणि कंपनीच्या आर्ममधून काढलेला जुना रबरी बुश लेथच्या फळीवर ठेवला. दस्तगीरनं बुश पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, आणि बुशाचं माप घ्यायला लागला. ‘मी सांगितलं होतं’ हे शब्द त्यानं तोंडातून काढले नाहीत. ते काढले असते तर बरं झालं असतं, असं ईश्वरप्पाला वाटलं. भांडता तरी आलं असतं.

उलट्या आट्याचा पहिला डोळा बिघडला, आटे फाटले. दुसरा नीट झाला. एका टोकाला रबर, दुसऱ्या टोकाला मुंबईहून मागवलेला नवा जॉइंट, त्यावर जुन्या ट्यूबचं रबर शिवून केलेली धुळीची टोपी. गाडी ठोकळ्यावरून खाली, दोरे ताणलेले, आणि ईश्वरप्पा एका गुडघ्यावर बसून पान्यानं मधली नळी फिरवतोय. चाक दोऱ्याकडे येत येत दोऱ्याला टेकलं. बोल्ट काढावा लागला नाही की वॉशर घासावा लागला नाही. सकाळच्या न्याहारीनंतर सुरू केलेलं काम दुपारच्या जेवणाआधी संपलं. ईश्वरप्पानं नळी फिरू नये म्हणून चेकनट आवळले आणि तसाच चाकाला टेकून बसून राहिला. इतके महिने जे जमलं नाही ते जमलं होतं, आणि त्याला स्वतःचाच इतका संताप आला होता की आनंदाला जागा नव्हती. पहिल्याच दिवशी हे करता आलं असतं. शर्यतीच्या आधी.

माढ्याला निरोप पाठवला तर उत्तर नाही. दुसरा पाठवला, तरी नाही. शेवटी तो एस.टी.नं स्वतः गेला. आबासाहेबांच्या दारात नवी जीप उभी होती आणि ओसरीवर माणसं बसलेली. अरबांच्या लढाईनंतर पेट्रोल महागलं होतं, थोरल्या साहेबांनी, म्हणजे वडिलांनी, शर्यतीचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीत आबासाहेबांना उभं करायचं घाटत होतं. आबासाहेबांनी त्याला प्रेमानं बसवलं, जेवू घातलं. गाडी तयार आहे, एकदा चालवून बघा, एवढंच ईश्वरप्पाचं मागणं होतं.

“बघू की,” आबासाहेब म्हणाले. “आता काय घाई न्हाय, अण्णा.”

“तवा लई घाई हुती,” ईश्वरप्पा म्हणाला.

“तवा तुमी दिली असती तर पळवली असती.”

हे ते रागानं बोलले नाहीत. हसूनच बोलले. ईश्वरप्पा परतीच्या गाडीत खिडकीशी बसला आणि सोलापूर येईपर्यंत ते वाक्य चघळत राहिला. त्यात खोट काढायला कुठं जागाच नव्हती.

गाडी शेडमध्ये उभी राहिली. नुसती उभी राहिली तर रबर चेपेल, असं कारण काढून एका सोमवारी ईश्वरप्पानं निंगव्वाला गाडीत बसवलं आणि मैंदर्गीला नेलं. कुणीतरी ही गाडी चालताना अंगानं अनुभवावी, एवढाच त्याचा हेतू. अक्कलकोटपर्यंत तो हळू गेला. पुढं मोकळा रस्ता लागला तेव्हा त्यानं वेग घेतला. वळणांवर गाडी जमिनीला धरून राहिली. खाचा आल्या, दणके गिळले गेले, आणि खाच संपली की चाक परत आपल्या रेषेवर. एवढ्या वर्षांत इतकी नीट गाडी त्यानं चालवली नव्हती. त्यानं कौतुकासाठी शेजारी पाहिलं. निंगव्वा झोपली होती. डोकं खिडकीला टेकलेलं, पदर तोंडावर. गावात उतरल्यावर त्यानं विचारलं, कशी वाटली गाडी. ती म्हणाली, कळलंच नाही, केव्हा आलो. याहून मोठी पावती मागायची नसते, हे त्याच्या बुद्धीला पटत होतं. तरी तो दिवसभर घुम्यासारखा राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात आबासाहेबांनी गाडी विकायला काढली. बार्शीच्या एका अडत्यानं ती घ्यायची ठरवली, पण त्यानं खाली वाकून आर्म पाहिला आणि बिचकला. आट्यांची ही भानगड नको, कंपनीचा माल आहे तो बसवून द्या, एरवी सौदा नाही. आबासाहेबांनी ईश्वरप्पाला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचं काम चांगलंच आहे, पण गिऱ्हाईक भित्रं आहे, जुना आर्म बसवून टाका.

“जुना बसवला की चाक परत वाकडं हुनार,” ईश्वरप्पा म्हणाला. “सरळ झालेली गाडी वाकडी करून द्यायचं काम माज्याच्यानं व्हायचं न्हाय, आबासाहेब. दुसरीकडं न्या.”

 आबासाहेबांनी खरंच गाडी दुसरीकडे नेली. सात रस्ता चौकातल्या एका गॅरेजात ते काम अर्ध्या दिवसात झालं, असं ईश्वरप्पाच्या कानावर आलं.

त्यानंतर आबासाहेब त्याच्याकडे फिरकले नाहीत. निवडणूक मात्र ते जिंकले. ईश्वरप्पानं तुटलेली गिऱ्हाइकं हळूहळू पुन्हा बांधली. ट्रकवाले परत आले. शिव्याही परत आल्या.

वर्षभरानं नव्या पेठेत ती हेरल्ड त्याला अचानक दिसली. एका कापडदुकानासमोर उभी होती, रंग आता पांढरा. ईश्वरप्पा सायकलवरून उतरला, सायकल भिंतीला लावली आणि रस्त्यातच मागच्या डाव्या चाकाशी वाकला. टायरची आतली कड खाऊन खाऊन टायरातले सुताचे दोरे दिसत होते. तेवढ्यात अडत्या आणि त्याची बायको कापडाचं गाठोडं घेऊन बाहेर आले. ईश्वरप्पानं सांगितलं की हे चाक वाकडं आहे, टायर खातंय, आर्म बदलून घ्या. अडत्या भला माणूस होता. तो म्हणाला, छे, गाडी झकास आहे, हल्लीची टायरंच हलकी निघतात, आम्ही पुढची मागं घालतो, काम भागतं. गाडीत बसलेल्या बायकोनं काच खाली करून, कोण आहेत, असं विचारलं. गाडी निघाली. ओळखणाऱ्यालाच कळेल अशी, किंचित तिरकी, बाकी कुणाच्या डोळ्यांना न खुपणारी. वळणावर अडत्यानं हात बाहेर काढून त्याचा निरोपही घेतला.

ईश्वरप्पा घरी गेला नाही. सायकल हाणत विजापूर वेशीला गेला. दस्तगीर लेथ पुसत होता. ईश्वरप्पानं बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना त्याचा आवाज चढत गेला. अडत्या काय म्हणाला, आबासाहेब काय म्हणाले होते, सात रस्त्याच्या मिस्त्रीनं लाज कशी सोडली, आणि आपण पहिल्या दिवशी ऐकलं असतं तर काय झालं असतं. हे शेवटचं त्यानं पहिल्यांदाच तोंडानं काढलं.

दस्तगीरनं फडकं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, “टायर आतनं खाल्लं की बाहेरनं?”

“आतनं.”

“सगळीकडं सारखं, का ठिगळं ठिगळं?”

ईश्वरप्पा थांबला. त्यानं आठवून पाहिलं. “ठिगळं,” तो म्हणाला. “म्हंजे नुसतं चाक वाकडं न्हाय. बुशपण गेलाय.”

“बुश कुटला? चासीकडचा का चाकाकडचा?”

त्यावर त्यांचं जुंपलं. दस्तगीरचं म्हणणं, चाकाकडचाच असणार. ईश्वरप्पा म्हणे, शक्यच नाही, चाकाकडचा गेला असता तर वळताना आवाज आला असता. दस्तगीरनं खडू घेतला आणि लेथच्या लोखंडी पत्र्यावर चासीची आकृती काढायला लागला. ती चुकीची काढतोय असं वाटून ईश्वरप्पानं त्याच्या हातातून खडू घेतला.